रंगवलेले रिफ्लेक्टर

आमच्याकडे दसऱ्याच्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला नवा रंग चढतो. पूजेला वाहन कोरे दिसले पाहिजे, हा घरचा दंडक. रंगाऱ्याचा ब्रश फळी, कडी, बिजागरी असा सगळ्यांवरून सारखाच फिरतो आणि मागचे दोन लाल रिफ्लेक्टरही त्याखाली जातात. लालावर लाल, बिघडले काय? बिघडते एवढेच, की पुढे हंगामभर कापसाने भरलेली ती ट्रॉली एरंडोलच्या रस्त्यावर अंधार पडताच दिसेनाशी होते.

रिफ्लेक्टरच्या प्लास्टिकमध्ये बारीक कोपरे असतात. प्रकाश ज्याने टाकला त्याच्याकडेच ते तो परत पाठवतात. दुर्बिणीचा आरसा वेगळा: दूरवरून आलेला क्षीण प्रकाश तो एका बिंदूत गोळा करतो. असा एक आरसा मी आमच्या कापसाच्या खोलीत तयार केला, रिकाम्या पिंपावर काचेवर काच घासून, पिंपाभोवती फेऱ्या मारत. धुळ्याला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले, पण हे काम घरीच शिकले. त्याच आरशाच्या बळावर दुर्बिणींचे आरसे घडवणाऱ्या एका प्रयोगशाळेत माझी निवड झाली. दिवाळीनंतर रुजू व्हायचे होते.

घरात शेवटचा शब्द वडिलांच्या थोरल्या भावाचा, आमच्या नानांचा. पिंपाभोवती फिरताना ते मला पाहत.

"तोंड दखाले आरसा इकत भेटस, पोरी. तू ते घाण्याना बैल व्हयी गयी."

"हा तोंड पाहायचा नाही, नाना."

"मंग कसाना शे?"

"शनीची कडी पाहायचा."

"शनीले घरमा बलाऊ नको," नाना म्हणाले आणि निघून गेले.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर पाचोऱ्याहून मला पाहायला पाहुणे यायचे होते. नोकरीचा विचार मुलीने सोडला आहे, असे नानांनी त्यांना आधीच कळवून टाकले होते. आईने मला हे त्याच दिवशी सकाळी सांगितले. मी वाद घातला नाही. अंगणात गेले, रॉकेल आणि चिंधी घेतली आणि ट्रॉलीचे रिफ्लेक्टर पुसायला बसले. रंग अजून पुरता वाळला नव्हता. थिनरने प्लास्टिक धुरकट होते, म्हणून रॉकेल. एक स्वच्छ झाला तोच पाहुण्यांची गाडी दारात उभी राहिली, ठरल्या वेळेच्या बरीच आधी.

पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर आले तेव्हा बोटे लालच होती.

"हाताला काय लागलंय?" मुलाच्या वडिलांनी विचारले.

"ट्रॉलीचे रिफ्लेक्टर साफ करत होते."

"गडी नाहीत का तुमच्याकडे?" ते नानांकडे पाहून हसले. नानाही हसले. मग पाहुणे मला म्हणाले, "नोकरीचं मनात होतं म्हणे. सोडलं ना आता?"

सगळ्या खोलीची नजर माझ्यावर होती. प्रश्नातच उत्तर घालून दिलेले होते. मी ते जसेच्या तसे परत करायचे, एवढीच अपेक्षा. त्या कामासाठी अंगणातल्या ट्रॉलीला प्लास्टिकची दोन उपकरणे बसवलेली होती.

"सोडलं नाही," मी म्हणाले. "दिवाळीनंतर रुजू होतेय. हे चालणार असेल तर पुढचं बोलू. नसेल तर पोहे तेवढे घ्या, गार होतायत."

त्यांनी पोहे घेतले. पुढचे बोलणे झाले नाही.

"बठ्ठासमोर मन्हं नाक कापं तू," गाडी वळताच नाना म्हणाले.

"तुम्ही मला आधी विचारलं असतं, तर आधीच सांगितलं असतं."

दिवाळीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. आईने आरसा गोधडीत गुंडाळून दिला. नानांच्या परवानगीची वाट न पाहता मी गेले. आता रोज आरसेच घासते. घाण्याच्या बैलाला एवढे दूर जाता येत नाही, हे नानांना सांगायचे राहून गेले आहे.

या दसऱ्याला घरी आले, तर अंगणात ट्रॉली नव्या रंगात उभी. मागे जाऊन पाहिले. दोन्ही रिफ्लेक्टर रंगवलेले. ओट्यावरून नानांनी माझ्या हातातली पिशवी आणि चिंधी पाहिली.

"सनना रंग शे. ऱ्हाऊ दे."

"सण उद्या आहे, नाना. कापूस आज संध्याकाळी जाणार आहे."

रॉकेलची बाटली मी येतानाच आणली होती.