बाही कशी पाह्यजे

लहानपणी चंदाचा उजवा हात चुलीवर भाजला, तेव्हापासून तिच्या अंगावर पूर्ण बाह्याच आल्या. अकोल्याच्या मे महिन्यातसुद्धा.

अकरावीसाठी ड्रेस शिवायला टाकतानाही आई सवयीने म्हणाली, "बाही पुरी ठेवजा, रहिमाबी."

रहिमाबीने वहीत काही लिहिलं नाही. तिने चंदाकडे पाहिलं. "तुले कशी पाह्यजे, बेटा?"

हे आजवर चंदाला कोणी विचारलंच नव्हतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अर्धी."

रहिमाबी आता नाही. चंदा स्वतः शिवणकाम करते, उघड्या हातांनी. आया भराभर मापं सांगत सुटतात. चंदा ऐकून घेते आणि मुलीकडे वळून विचारते. मुलगी गप्प राहिली, तर थांबते.

रहिमाबीही थांबली होती.