पिवळी पिन

मार चुकवायचा म्हणून जयवंता टीव्ही शिकली.

नाईक तलावाजवळच्या कोष्ट्यांच्या गल्लीत तिचं घर. सासऱ्याच्या माघारी घरचा माग मोडीत गेला आणि ती कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ तोडायला जाऊ लागली. नवरा मार्तंड मालाचा ऑटो चालवायचा. त्याला मुक्केबाजीचा भारी नाद. रविवारच्या बाजारातून जुन्या डीव्हीडी आणायचा आणि दोस्तांना बोलावून पाहायचा. पण घरात मोठा चपटा टीव्ही आला आणि जुन्या प्लेअरचं चित्र त्यावर नीट दिसेना. माणसं आडवी फुगलेली दिसायची, कधी सगळंच धुरकट.

"झाडताना वायरीले हात लावला ना तू?" असं म्हणत मार्तंड कमरेचा पट्टा काढायचा. एकदा तिचं मनगट मोडलं. दवाखान्यात तिनं पाय घसरल्याचं सांगितलं.

प्लास्टर निघाल्यावर ती प्लेअर पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदारानं तिच्यासमोर सगळं जोडून दाखवलं. पांढरी आणि लाल पिन आवाजाची, पिवळी चित्राची. पिवळी चुकून हिरव्या भोकात गेली तर चित्र येतं, पण रंग जातो. चेहरे फुगले तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार बदलायचा. टीव्हीचा भडकपणा कमी केला की जुनी डिस्कही साफ दिसते.

घरी येऊन तिनं तसंच केलं. चित्र इतकं स्वच्छ आलं की मुक्का खाणाऱ्याच्या भुवईतून ओघळणारं रक्तही दिसे. मार्तंडाला वाटलं, टीव्ही आपोआप सुधारला. काही महिने बरे गेले.

मग एका दुपारी तो पिऊन आला, सोबत दोन दोस्त. टीव्ही सरकवताना वायरी त्यानंच उपटल्या आणि त्यानंच पुन्हा खोचल्या. चित्र काळं-पांढरं आलं.

"काहून वं, काय करून ठेवलं?"

पहिली लाथ तिच्या पोटात बसली. आठवीतली गुंजन आईला वाचवायला मध्ये पडली, तर त्यानं पोरीला वेणी धरून भिंतीवर आदळलं. जयवंता कशीबशी उठली, टीव्हीमागे गेली आणि पिवळी पिन हिरव्यातून काढून जागेवर घातली. पडद्यावर लाल हातमोजे उजळले.

एक दोस्त हसला. "मार्तंड, तुह्यापेक्षा वहिनीलेच जास्त समजते गा!"

मार्तंडानं वायरींसकट प्लेअर ओढला आणि तिच्या तोंडावर हाणला. दात तुटून फरशीवर पडले. तोच प्लेअर उगारून तो गुंजनकडे वळला. "हिलेबी शिकवतो आता."

पाट्यावर वरवंटा होता. जयवंतानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. तिनं पुन्हा तिथंच घातला. हाड फुटल्याचा आवाज झाला, तसे दोस्त पळाले. तिसऱ्यांदा वरवंटा वर गेला तो त्याच्या डोक्यासाठी.

"आई!" गुंजन किंचाळली.

जयवंतानं वरवंटा खाली ठेवला.

शेजाऱ्याच्या ऑटोत घालून तिनंच त्याला दवाखान्यात नेलं. तिच्या तोंडातून रक्त गळत होतं. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नवऱ्यानं मारलं. अन् त्याचा पाय मी मोडला."

दोघांवरही खटला उभा राहिला. हसलेल्या दोस्तानं कोर्टात जे पाहिलं ते सगळं सांगितलं. जयवंता सुटली. मार्तंडाला शिक्षा झाली. ती भोगून तो खाप्याला, मोठ्या भावाकडे, मधुकररावांकडे राहायला गेला.

गेल्या उन्हाळ्यात मधुकरराव समजूत घालायला आले. "काठी घेऊन चालते तो आता. कोणाले मारणं होत नाही त्याच्यानं. घे ना घरात."

"भाऊजी, मी नाही म्हणते ते त्याले भिऊन नाही," जयवंता म्हणाली. "मले माहीच भीती वाटते. त्या दिवशी पोरगी ओरडली म्हणून तो वाचला. घरात आला तं पुन्हा हात उठन माहा."

मधुकररावांनी चहा संपवला. मग ते खाप्याची बस पकडायला निघाले.