सहीची तारीख

कांताबाई मेश्राम यांनी माझ्याकडून एकतीस पत्रं लिहून घेतली. पहिल्या पत्रात मी "कृपया" लिहिलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं.

"कृपा कशाची? त्यांचं कामच आहे ते."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्यात मराठी साहित्यात एम.ए. केलं होतं. अपूर्वला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ब्रिटनमध्ये, ब्रॅकनेलला नोकरी लागली आणि आम्ही हॅझलब्रिजमध्ये भाड्याचं घर घेतलं. बसने वीस मिनिटांवर. कांताबाई शेजारच्या घरात एकट्या राहायच्या. वय छप्पन्न. माहेर आणि सासर दोन्ही नागपूर. इथल्या प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये त्या बावीस वर्षं होत्या. मुलांना मॅश्ड पोटॅटो वाढायच्या आणि घरी येऊन स्वतःपुरतं वरण-भात करायच्या.

कुंपणावरून त्यांनी मला विचारलं, "काय शिकली?"

"साहित्य."

"मग पत्र लिहिता येत असेल."

"मराठी साहित्य, काकू. तुम्हाला पत्र इंग्रजीत हवं असेल."

"अर्ज तो अर्जच. ये आत."

अर्ज होता त्यांच्या मेलेल्या नवऱ्याबद्दल. जगदीशकाका २००४ साली गेले. कांताबाईंनी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इमारतीत, तळमजल्यावर, मृत्यूची नोंद केली. रजिस्ट्रार मिसेस हॉब्ज यांनी स्वतः दाखला लिहून दिला. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर कौन्सिल टॅक्सचं ऑफिस आहे. घरात एकच मोठं माणूस असेल तर टॅक्स पाव भागाने कमी होतो. पहिल्या मजल्यावर जगदीशकाका जिवंत होते. कांताबाई तीनदा दाखला घेऊन जिना चढल्या. तिन्ही वेळा तिथल्या कारकुनाने झेरॉक्स काढून घेतली, आणि बिल दोघांचं आलं. कांताबाईंनी एकटीचंच भरलं.

२००६च्या फेब्रुवारीत थकबाकीच्या जप्तीसाठी बेलिफ आला. मी तिथेच होते. दार उघडं होतं, तो सरळ आत आला. काळं जॅकेट, गळ्यात प्लास्टिकचं कार्ड.

"मिस्टर मेश्राम आहेत का?"

"थांबा, आणते," कांताबाई म्हणाल्या. आत गेल्या आणि मृत्यूचा दाखला आणून त्याच्या हातात ठेवला.

त्याने तो वाचलासुद्धा नाही. जप्तीची यादी करायला लागला. टीव्ही, मायक्रोवेव्ह, सोफा. मग शेल्फवर बुद्धाची मूर्ती दिसली. वीतभर उंचीची, नागपूरहून आणलेली. त्याने ती बोटाने वाजवून पाहिली आणि लिहिलं: शोभेची वस्तू, पितळी, एक.

कांताबाईंनी शांतपणे विचारलं, "तुमचं सर्टिफिकेट दाखवा."

"हे काय गळ्यात आहे."

"ते कंपनीचं. कोर्टाचं दाखवा."

तो हसला. "यादीवर सही करा, मॅडम. तुम्हालाच सोपं जाईल."

"तुम्ही तुमचा कागद दाखवा, मी माझी सही दाखवते."

तो शिव्या पुटपुटत गेला. जाताना यादी टेबलावर टाकून गेला.

बेलिफला कोर्टाचं सर्टिफिकेट लागतं, हे कांताबाईंना कुठून कळलं? लायब्ररीतून. पहिली नोटीस आली त्याच दिवशी त्या लायब्ररीत जाऊन बसल्या होत्या. सर्टिफिकेट मिळण्याआधी त्या माणसाला कोर्टात दहा हजार पौंडांची हमी ठेवावी लागते. त्याने कुणावर अन्याय केला तर भरपाई त्यातून. आम्ही काउंटी कोर्टाला पत्र लिहिलं. उत्तर आलं. त्याच्या सर्टिफिकेटची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपली होती. हमी तेव्हाच परत गेली होती.

चौदा महिने हा माणूस लोकांच्या घरात शिरून यादी करत होता.

कौन्सिलने लिहिलं: बेलिफ कंपनीचा आहे, कंपनीकडे विचारा. कंपनीने लिहिलं: आम्ही कौन्सिलच्या वतीने काम करतो, कौन्सिलकडे विचारा. एप्रिलमध्ये तिसरं पत्र आलं, कौन्सिलचं. सद्भावना म्हणून तुमचं बिल दुरुस्त करण्यात आलं आहे. माफी नव्हती. बेलिफचा उल्लेखही नव्हता. मला वाटलं, संपलं.

"संपलं कसं?" कांताबाई म्हणाल्या. "याला पाठवणारा कोण? त्याने तरी शपथ घेतली का, ते पाहू."

इथे शपथेचं सांगायला हवं. कांताबाईंचे वडील नागपूरच्या कोर्टात पट्टेवाले होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याच्याकडून शपथ वदवून घ्यायचं काम त्यांच्याकडे असायचं. खोटी साक्ष देऊन गेलेल्या माणसाचं नाव ते घरात घेऊ द्यायचे नाहीत. १९५६ साली कांताबाई सहा वर्षांच्या होत्या. दीक्षेच्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी बावीस प्रतिज्ञा ऐकल्या. वडील प्रत्येक प्रतिज्ञा मोठ्याने म्हणत होते. त्यांचा आवाज खांद्यातून मांडीला जाणवत होता, असं त्या सांगायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी घरातले देव उतरवले. आजी रडत होती. ते एवढंच म्हणाले, "काल बोललो ना मी."

कांताबाईंना शपथ इतकीच माहीत होती.

निवडून आलेल्या प्रत्येक कौन्सिलरला पद स्वीकारल्याच्या प्रतिज्ञेवर दोन महिन्यांत सही करावी लागते. केली नाही, तर कायद्याने जागा रिकामी होते. ते कागद कुणालाही बघता येतात. आम्ही बघायला गेलो. एकेचाळीस कागद. कांताबाई चष्मा लावून प्रत्येक सहीची तारीख पाहत होत्या. टॅक्सवसुलीचं खातं ज्याच्याकडे होतं तो पेल्हॅम. निवडून आला १ मे २००३ला. सही ९ ऑक्टोबरची.

"पाच महिने," त्या म्हणाल्या. "आणि तोच बेलिफ पाठवून राहिला."

कौन्सिलच्या वकिलाचं उत्तर मी आजही विसरले नाही. ही कारकुनी नजरचूक होती. संबंधित सदस्याने घेतलेले निर्णय तरीही वैध आहेत. आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार.

मग पेल्हॅम महापौर झाला.

ऑगस्टमध्ये कांताबाईंना गृहखात्याचं पत्र आलं. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर. तीन महिन्यांच्या आत समारंभात शपथ घ्या, नाहीतर अर्ज रद्द. अर्ज त्यांनी वर्षापूर्वीच केला होता, आणि तो हौसेचा नव्हता. नागपूरला त्यांची धाकटी बहीण सुमन अर्धांगाने अंथरुणावर होती. लग्न झालेलं नव्हतं, शेजारणी बघत होत्या. कांताबाईंना तिच्याकडे जायचं होतं, लागतील तितकी वर्षं. भारतीय पासपोर्टवर दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं तर इथे परतायचा हक्क जातो. नवऱ्याचं घर, बावीस वर्षांचं पेन्शन, सगळं इथे. त्यामुळे तो कागद हवा होता.

समारंभ कौन्सिलच्या सभागृहात असतो, महापौरांच्या उपस्थितीत.

"याच्यासमोर?" त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं.

ऑक्टोबरमध्ये आमच्या मराठी मंडळाची दिवाळी झाली. प्रमुख पाहुणा पेल्हॅम. मंडळाचा अध्यक्ष विनय, मेडनहेडला बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याने महापौराला शाल दिली, श्रीफळ दिलं, फेटा बांधला. वर महापौरपदाची सोन्याची साखळी. पेल्हॅम नारळ कानाशी हलवून बघत होता. सगळे हसले. मीही हसले.

कांताबाई किचनच्या खिडकीत चिवडा वाढत होत्या. शंभर माणसांचा चिवडा दरवर्षी त्याच करायच्या. पेल्हॅम प्लेट घेऊन तिथे आला.

"मिस्टर मेयर," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मे महिन्यात निवडून आलात, सही ऑक्टोबरमध्ये का केलीत?"

"हे ऑफिसला विचारा, मॅडम," तो म्हणाला. "हे काय आहे, फार छान आहे." आणि आणखी चिवडा घेतला.

विनय धावत आला. "काकू, दिवाळीच्या दिवशी तरी! हॉल आपल्याला अर्ध्या भाड्यात मिळतो, माहितीये ना?"

"हॉल तुला मिळाला. तोंड माझं कशाला बंद करतो?"

"अहो, पुढच्या महिन्यात तुमची सेरेमनी आहे. तोच असणार तिथे. जरा विचार करा."

"विचारच करून राहिली बाप्पा."

विनय माझ्याकडे वळला. आवाज खाली आणला. "देवयानी, तू समजव. यांना ना, प्रत्येक गोष्टीत मोर्चा काढायचा असतो."

'यांना' म्हणजे कुणाला, ते मला कळलं. मी हातात प्लेट धरून उभी राहिले. चिवडा तोंडात होता. मी चावत राहिले. त्या संध्याकाळच्या आठवणीत मला सगळ्यात जास्त किळस माझीच येते.

चौदा नोव्हेंबर. मुदतीचा शेवटचा आठवडा. बसमध्ये मी म्हणाले, "काकू, नुसते ओठ हलवा. सुमनमावशींसाठी."

"हे तुला कॉलेजात शिकवलं?"

पोचल्यावर त्या आधी मिसेस हॉब्जना भेटल्या. जगदीशकाकांचा दाखला लिहिणाऱ्या त्याच. कांताबाईंनी विचारलं, "महापौर यायच्या आधी, फक्त तुमच्यासमोर शपथ घेतली तर चालेल का? मला ती खरी घ्यायची आहे."

"महापौर हा समारंभाचा भाग आहे, डिअर. पुढचा समारंभ डिसेंबरात आहे."

डिसेंबरात मुदत संपलेली असणार होती.

चौदा जण होते. राणीचा फोटो, झेंडा, कॅसेट प्लेअर. पेल्हॅम साखळी घालून बसला होता. मिसेस हॉब्जनी वाक्यं सांगितली, सगळ्यांनी मागून म्हटली. मी पाहुण्यांच्या खुर्चीत होते, कांताबाईंचा चेहरा मला बाजूने दिसत होता. त्या ताठ उभ्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले. निष्ठेचं वाक्य झालं, हक्कांचं झालं, कायदे पाळण्याचं झालं. त्यांनी एक शब्द उच्चारला नाही.

मग एकेकाचं नाव पुकारलं. कांताबाई पुढे गेल्या. पेल्हॅमने एका हाताने सर्टिफिकेट आणि दुसऱ्या हाताने कौन्सिलचं चित्र असलेला चहाचा मग पुढे केला.

"मी शपथ म्हटली नाही," त्या स्पष्ट म्हणाल्या. "हे मला देऊ नका."

पेल्हॅमने मिसेस हॉब्जकडे पाहिलं. त्यांनी हातातल्या यादीवर टिक केली. "तुम्ही उभ्या होतात ना, डिअर. तेवढं पुरे."

"मी बोलले नाही."

"इकडे बघा, प्लीज," फोटोग्राफर म्हणाला. फ्लॅश पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कांताबाईंनी हातात आलेला तो मग टेबलावर ठेवला, त्यावर सर्टिफिकेट ठेवलं, आणि त्या बाहेर पडल्या. मागे पुढचं नाव पुकारलं जात होतं.

गुरुवारी दोन्ही पोस्टाने घरी आली. तो मग फुटू नये म्हणून चुरगळलेल्या जुन्या टॅक्स-पत्रकांत गुंडाळला होता.

तिसावं पत्र आम्ही तेव्हा लिहिलं. मी शपथ घेतलेली नाही. नोंद दुरुस्त करा, किंवा मला शपथ द्या. आठ दिवसांनी उत्तर आलं: १४ नोव्हेंबर रोजी आपण शपथ घेतल्याची नोंद आहे. एकदा घेतलेली शपथ पुन्हा देता येत नाही. अभिनंदन.

मी ते दोनदा वाचून दाखवलं. मला हसू येईना, रडू येईना.

कांताबाईंनी आपला भारतीय पासपोर्ट काढून समोर ठेवला. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, हे त्यांना माहीत होतं. "म्हणजे बघ. इकडची झाली ती खोटी. तिकडची उरली नाही. सुमनकडे जाऊ कशावर?"

एकतिसावं पत्र त्यांनी भारताच्या हायकमिशनला लिहायला लावलं: मी शपथ घेतलेली नाही, तर मी अजून भारतीय आहे का? त्याचं उत्तर कधीच आलं नाही.

डिसेंबरच्या पाच तारखेला दुपारी नागपूरहून शेजारणीचा फोन आला. सुमनमावशी पलंगावरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. कांताबाईंनी फोन ठेवला आणि भिंतीवर टकटक केली. मी गेले.

त्यांच्या हातात शपथेचे शब्द छापलेलं समारंभाचं पत्रक होतं. शाळेचा एप्रन अजून अंगावर.

"बस. साक्षीदार म्हणून बस."

"बाहेरच्या खोलीत बसू या का, काकू? बुद्धासमोर."

"नको. त्याला कशाला यात ओढायचं."

त्या कुकरशेजारी उभ्या राहिल्या आणि इंग्रजीतलं एकेक वाक्य मोठ्याने वाचलं. देवाची शपथ नव्हे, प्रतिज्ञेचा पर्याय त्यांनी निवडला होता. आवाज किचनमध्ये घुमत होता. निष्ठा. हक्क. स्वातंत्र्य. कायदे. एकही शब्द त्यांनी गिळला नाही. शेवटचं वाक्य झाल्यावर त्यांनी मला पेन दिलं.

"तारीख घाल. आजची घाल, चौदाची नाही. खाली सही कर."

मी सही केली.

त्यांनी कागद हातात घेऊन तारीख पाहिली, पेल्हॅमची पाहिली होती तशीच. "त्याला पाच महिने लागले. मला तीन आठवडे. जास्त फरक नाही."

"काकू, तुमचं वेगळं आहे."

"कागदावर काय वेगळं दिसते, सांग."

मी पेनला टोपण लावलं.

"इकडच्या पासपोर्टचा फॉर्म पोस्टात मिळते. उद्या घेऊन ये," त्या म्हणाल्या. मग सिंकपाशी गेल्या. नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं आणि चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा.