न भरलेला फॉर्म

आमच्या कारखान्याच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात मी विटांची एक खोली बांधली होती. सेक्टरमध्ये बहुतेकांनी बांधल्या होत्या. खोलीत एखादं कुटुंब राहायचं आणि भाड्याऐवजी बाई घरकाम करायची. हे नियमात बसत नव्हतं, म्हणून कुणी काही लिहून देत नसे.

आमच्याकडे गोंदियाकडची एक विधवा होती, सोबत सहा वर्षांची मुलगी. भिंतीपलीकडेच चांगली शाळा. तिथली प्रार्थना रोज ऐकून मुलीला पाठ झालेली. भांडी घासणाऱ्या आईपुढे हात जोडून म्हणायची आणि स्वतः चुकली की आईलाच दटावायची, "सरळ उभी राय!"

त्या शाळेत आसपासच्या गरीब मुलांसाठी काही जागा राखीव असतात आणि त्या लॉटरीनं मिळतात, हे बाईला कळलं.

"काकाजी, फारम तेवढा भरून द्या. आन आमी इथं राह्यतो म्हून तुमच्या सहीचा कागद पायजे म्हनते."

"देतो की," मी म्हणालो.

पण सही केली की खोली उघडकीला येणार. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. चौकशीची भीती वाटली. आज-उद्या करत मी शेवटची तारीख जाऊ दिली. तिनं विचारलं तेव्हा म्हणालो, "लॉटरीत नाव निघालं नाही."

"जाऊ द्या, काकाजी. तुमी तं केलं ना आमच्यासाठी."

संध्याकाळी तिनं तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे करून आणले. मी खाल्ले.

मुलगी लांबच्या शाळेत गेली. तिथं एका खोलीत तीन वर्ग बसत. गणितात मागे पडली ती पडलीच. दहावीला दोनदा नापास झाली. आता सिविक सेंटरच्या बाजारातल्या कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते. "तिच्या नशिबातच नोती ते शाळा," असं आई सगळ्यांना सांगते.

माझ्या निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं आणि त्या दोघी दुसरीकडे राहायला गेल्या. गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं, फॉर्म मी भरलाच नव्हता.

ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "भेव वाटत होतं तं मले कावून नाई सांगतलं? रिसालीले माहा भाऊ राह्यते. त्याच्या पत्त्यावर तिकडच्या शाळेचा फारम भरला असता मी."

मी माफी मागितली, तीही अर्धवट.

"मले नोका म्हनू," ती म्हणाली. "पोरगी सातले येते. तिले सांगा."

मी सात वाजायची वाट बघत बसून राहिलो.