भिशीतला म्हातारा

फॉर्मवर ‘निवृत्तीचे वय’ असा रकाना होता. त्यात वसंतदादांनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘लागू नाही’.

“दादा, इथे साठ लिहायचं.”

“साठाव्या वर्षी मला कोण रिटायर करणार रे प्रकाश? मीच साहेब, मीच शिपाई.”

“डोळे करतील.”

दादांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, खोडलं आणि साठ लिहिलं. मी मनातल्या मनात प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला.

सोळा वर्षं झाली याला. मी पेन्शनचे प्लॅन विकतो. म्हणजे माणसाची त्याच्याच म्हातारपणाशी ओळख करून देतो. तेव्हा धंद्यात नवा होतो, उल्हासनगरच्या उन्हात टाय बांधून फिरायचो. वसंतदादा शिलाई मशीनचे मेकॅनिक. कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारे कारखाने, त्यातल्या पंधरा-वीस ठिकाणी त्यांचा हात फिरायचा. जाड कापडाने मशीनचं टायमिंग हलतं. सुई खाली आली की हुकाने नेमका तिचा धागा पकडायला हवा. जरा इकडेतिकडे झालं की टाका सुटतो. कुठल्या मशीनचं टायमिंग गेलंय, हे दादा दारातून नुसत्या आवाजावर सांगायचे.

पेन्शन म्हणजे काय, हे त्यांना समजावायची गरज नव्हती. त्यांचे वडील, अण्णा, अंबरनाथच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. मोरिवलीत आम्ही शेजारी. एक तारखेला अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पासबुक रुमालात गुंडाळून बँकेत निघायचे. काय तो थाट! परतताना गल्लीतल्या प्रत्येक पोराला लिमलेटची गोळी. अजून कुठे लिमलेट दिसली की मला एक तारीख आठवते.

“माझा बाप सत्तरीत सुनेला साडी घेतो,” दादा म्हणाले होते. “आणि मी काय पोराकडे चहाला पैसे मागणार?”

तर प्लॅन साधा होता. दर महिन्याला बँकेतून हप्ता आपोआप कापला जाणार, साठीपर्यंत रक्कम साठणार, मग कंपनी दरमहा पेन्शन देणार. हप्ते थांबले तर प्लॅन लॅप्स, म्हणजे बंद. नंतर सुरू करायचा तर वय वाढलेलं, हप्ताही वाढलेला.

पहिला हप्ता मी चेकने घेतला. दुसरा परत आला. खात्यात पैसे नाहीत. तिसराही परत. मग कंपनीचं पत्र: पंधरा दिवसांत भरा, नाहीतर लॅप्स.

“सोड तो क्लायंट,” आमचे मॅनेजर म्हणाले. “पुढचा बघ.”

मी थेट लछूशेठच्या कारखान्यात गेलो. शनिवार होता, पगाराचा दिवस. दादा एक मशीन आडवं पाडून त्याच्या पोटात डोकं घालून बसले होते.

“दादा, पैशाची अडचण आहे का?”

“छे! हे काय.” त्यांनी बॉबिनच्या डब्यातून नोटांची गुंडाळी काढली. तेलाचा घमघमाट.

“मग बँकेत का नाहीत?”

“बँक स्टेशनच्या पलीकडे. मी इकडे. तिला एवढी नड असेल तर येईल की.”

तेवढ्यात लछूशेठ वही घेऊन आला. पांढरा लेंगा, कानावर पेन. कारखान्याचा मालक, आणि भिशीही तोच चालवायचा. भिशीत पंधरा-वीस जण दर शनिवारी सारखे पैसे टाकायचे, चिठ्ठी निघायची, ज्याचा नंबर लागेल तो सगळी रक्कम न्यायचा आणि सगळ्यांना दालपकवान खिलवायचा. शेठने हाक मारली, “वसंत!” दादा ताडकन उठले, हात पुसले, पैसे दिले.

“हे बरं चुकत नाही,” मी म्हणालो.

“चुकवून कसं चालेल? सगळ्यांसमोर नाव पुकारतो तो.”

आणि मला साक्षात्कार झाला. मी टाय सैल केला, कापडाच्या गठ्ठ्यावर चढलो आणि जाहीर केलं, “शेठ, भिशीत एक मेंबर वाढवा. नाव लिहा, वसंतचा म्हातारा.”

“कौन बुड्ढा? इसका बाप?”

“नाही, हेच. साठीतले. त्यांची चिठ्ठी डब्यात टाकायची नाही. त्यांचा नंबर सोळा वर्षांनी. तोवर त्यांचे पैसे दर शनिवारी वेगळे घ्यायचे आणि महिनाअखेर दादांच्या खात्यात भरायचे.”

मशीनं थांबली. मग अख्खा कारखाना हसला. दादाही हसले आणि म्हणाले, “लिहा शेठ. म्हातारा गरीब आहे, सांभाळून घ्या.”

शेठने नाव लिहिलं. पेन कानावर ठेवता ठेवता थांबला. “साईं, तेरा बुड्ढा किधर है?”

मी कमिशनवर जगणारा. माझ्या बॅगेत दुनियेचं म्हातारपण होतं, माझंच नव्हतं. मी टाय पुन्हा घट्ट केला, पण उपयोग झाला नाही. वहीत आणखी एक नाव चढलं.

त्याच दुपारी दादांना स्कूटरवर मागे बसवून मी बँकेत नेलं. तेलाच्या नोटा भरल्या, प्लॅन वाचला.

पुढे एकदा मंदीत चार महिने काम जवळपास बंद पडलं. शेठने थोडी उचल देऊन हात चालता ठेवला होता, तरी दादा त्याच्याकडे गेले. “या महिन्याचे म्हाताऱ्याचे परत दे.”

“तेरे नहीं है. उसके है. उसको पूछ के आ.”

दादांनी फोनवर मला शिव्या घातल्या. पैसे मात्र तिथेच राहिले.

गेल्या महिन्यात दादांची पहिली पेन्शन जमा झाली. सकाळी मोबाइलवर मेसेज आला होता. तरी बेलवलीच्या नव्या घरातून ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले, पासबुक रुमालात. मीही सोबत गेलो. बँकेच्या मशीनमधून पासबुकावर एक ओळ छापून आली. दादा ती बोटाने चाचपत उभे राहिले. मागच्या बाईंनी दोनदा “काका, सरका” म्हटलं, तेव्हा सरकले. बाहेर येऊन त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. पन्नाशीच्या माणसाने रस्त्यात रडू नये म्हणून मी ती लगेच तोंडात टाकली.

शनिवारी आम्ही कारखान्यात गेलो. लछूशेठ आता काठी घेऊन चालतो, आवाज तोच. “वसंत का बुड्ढा!”

“हजर!”

दालपकवान आलं. सोबत आलेला दादांचा मुलगा पाकीट काढायला लागला. “बाबा, मी देतो.”

“ठेव ते. तू चहा घे. म्हातारा देतोय.”

कंपनीने मला रंगीत तक्ते दिले होते, मेसेज पाठवायची सोय दिली होती. तक्त्यांनी माणसाला पेन्शन कळते. हप्ता भरायला मात्र कुणीतरी चारचौघांत नाव घेऊन पुकारावं लागतं.

मी पकवानाचा तुकडा मोडला, तेवढ्यात शेठने वहीचं पान उलटलं. “प्रकाश का बुड्ढा!”

मी हात पुसला आणि खिशात घातला.