पाठ फिरवून बसणाऱ्या इंगोले मॅडम

पहिल्या दिवशी खोली बघायला आली तेव्हा तिने नळ सोडून पाहिला नाही की पंखा लावून पाहिला नाही. बोटाच्या पेराने चारही भिंतींवर टकटक करत फिरली आणि म्हणाली, "भिंती पातळ आहेत. आवाज जाईल. त्रास तुमाले होईल, मले नाही."

या इंगोले मॅडम. अमरावतीकडच्या, वय बत्तीस, एकट्या. हिंजवडीला एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, अशी नोकरी. शनिवार-रविवारी गिटार शिकवायच्या, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही चुकाच शोधायच्या. आमच्याकडे त्या सहा वर्षं भाडेकरू होत्या आणि जवळजवळ तेवढाच काळ माझ्या गुरू. या काळात मी त्यांच्याशी जितकी भांडले, तितकी सासू, सून आणि शाळेचे केंद्रप्रमुख या तिघांशी मिळूनही भांडलेली नाही. शिकायला लागल्यावर तोंडावर मी त्यांना 'तुम्ही' म्हणायची, मनात 'ती'. इथे मनातलंच लिहिते.

त्या वेळी मी बासष्टची होते. रिहे गावच्या शाळेत पस्तीस वर्षं बाई म्हणून काढलेली. निवृत्त झाल्यावर ओरडायला कोणी उरलं नव्हतं, आणि ज्या बाईला ओरडायला कोणी नसतं ती गावाला उपद्रव होते. आता सत्तरीच्या उंबऱ्यावर बसून तेव्हाच्या त्या तरुण बाईकडे, म्हणजे माझ्याकडेच, बघते तेव्हा वाटतं, हिला कोणीतरी आधीच अंगठे धरून उभं करायला हवं होतं.

शनिवारी सकाळी हिंजवडीची पोरंपोरी मोटारसायकलवरून यायची आणि पाच-सहा जण एकदम तारा खाजवायला बसायचे. मी दोन आठवडे सहन केलं. तिसऱ्या शनिवारी गोठ्यातली म्हैस सोडली आणि नेमकी तिच्या खिडकीखाली बांधली. पारडू मुद्दाम लांब ठेवलं. म्हैस पारडासाठी जी हंबरायला लागली, ती अकरापर्यंत. अकराला इंगोले मॅडम बाहेर आली, म्हशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, ही निदान दर वेळी एकाच सुरात ओरडते. माझ्या पोरांना अजून तेही जमत नाही. राहू द्या तिला."

"आजी कोणाला म्हणतेस? सगळा गाव मला बाई म्हणतो."

"मग मले मॅडम म्हणा."

तिथेच मी माघार घ्यायला हवी होती. पण मी अंगणात, सुनेसमोर आणि शेजारच्या हौसाबाईसमोर म्हणाले, "सहा तर तारा. त्यात शिकवायचं काय? पोरांना फसवतेय नुसती. मी एका महिन्यात शिकून दाखवीन."

"या उद्यापासून," ती म्हणाली. "महिन्याभरात एक साधं गाणं नीट वाजवलं, तर मी खोली खाली करते. नाही जमलं, तर म्हैस हलवायची."

महिन्याने म्हैस हलवली.

त्या महिन्यात मला काय आलं, तर बोटांना फोड आले. तार दाबायची म्हणजे विळ्याच्या पात्यावर बोट ठेवून बसायचं. मी रोज एक नवी सबब घेऊन जायची. आज सांधा धरलाय, आज चष्मा बदलायचाय, आता वय झालं. तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "वय नका सांगू, बोट दाखवा." बोट दाखवलं की उलटसुलट करून बघायची, भाजीवाल्याकडची भेंडी बघतात तसं, आणि म्हणायची, "कवळं आहे. जा, अजून वाजवा."

पैज हरल्यावर शिकणं सोडायला काहीच हरकत नव्हती. पण तिची परीक्षा घ्यायची एक रीत होती, त्या रीतीनेच मला अडकवलं. प्रत्येक धडा तीनदा ओळीने वाजवायचा, एकही चूक न करता. तो वाजवताना मॅडम खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसायची. आपल्याला दिसायची फक्त तिची वेणी. तिसऱ्यांदा संपलं की वेणीपलीकडून एक शब्द यायचा, 'पास' किंवा 'नापास'. पास झालं तर पुढचा धडा. नाही तर पुढच्या शनिवारी परत तोच.

मी विचारलं, "समोर बसून ऐकायला काय होतं?"

"चेहरा पाहिला की दया येते," ती म्हणाली. "दयेनं माणूस बिघडते."

पस्तीस वर्षं मी पोरांना पास-नापास करत आले. आता त्या वेणीच्या तोंडून 'पास' ऐकायला माझा जीव टांगणीला लागायचा. पहिला 'पास' मिळायला चार महिने लागले. घरी येऊन मी सुनेला, सुनंदाला, शिरा करायला लावला, आणि कारण विचारलं तर सांगितलं, संकष्टी सोडायची आहे. त्या दिवशी अष्टमी होती.

माझ्या मूर्खपणाचा कळस पहिल्या पावसाळ्यात झाला. आमच्याकडे पाऊस लागला की भिंतींना बुरशी येते, तिथं लाकडाचं काय. नातीचा मोबाइल भिजला तेव्हा तो तांदळात ठेवून बरा झालेला मी पाहिला होता. म्हणून मी माझी नवीकोरी गिटार इंद्रायणी तांदळाच्या कोठीत आडवी घातली, वरून अर्धी पायली तांदूळ ओतला आणि झाकण लावलं. शनिवारी मॅडमपुढे पहिला झंकार केला तर आतून खुळखुळा वाजला. दुसऱ्या झंकाराला भोकातून तांदळातला एक पोरकिडा बाहेर आला आणि सावकाश तारेवरून चालायला लागला.

मॅडम त्याच्याकडे बघत राहिली. "हा बघा," म्हणाली, "याचं बोट तुमच्यापेक्षा नीट पडून राहिलं."

शिकायला येणारी पोरं सोडली तर तिच्याकडे कोणी येत नसे. डब्यात ठेचा-भाकरी, कानाला फोन, पलीकडे अमरावतीची आई. एकदा मी चिडून विचारलं, "तुम्हाला कधी कोणी गोड बोलून शिकवलं नाही का हो?" वाटलं, आता तडकेल. पण ती तारा पुसत म्हणाली, "शिकवलं ना. एक सर होते, फार गोड. चार वर्षं 'वा, छान' म्हणत होते. मग एकदा सगळ्यांसमोर वाजवायला बसली, तेव्हा समजलं की मले काहीच येत नाही. लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं." मग लगेच, "तुम्ही काय ऐकून राहिल्या? वाजवा."

खरं युद्ध आवणीवरून, म्हणजे भातलावणीवरून झालं. आमच्या घरात भाताची पहिली मूठ थोरल्या बाईने लावायची, आणि एकदा वाफ्यात उतरलं की कोणी मूठभर लावून परत येत नाही. तिसऱ्या वर्षी चार दिवस चिखलात काढून मी शनिवारी गेले. तिने बोट बघितलं. वर्षभरात जमवलेले घट्टे भिजून सोलून निघाले होते.

"घरी जा. दीड महिना येऊ नका."

"भात काय तुमच्या गिटारीतून उगवतो का?"

"मग भातच वाजवा," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दीड महिना मी तिच्याशी बोलले नाही. पाण्याची मोटर सुरू करताना मुद्दाम तिच्या आंघोळीच्या वेळी खालचा वॉल्व्ह बंद करायची. पण पुढच्या आवणीला मी डाव्या हातात भांडी घासायचा रबरी हातमोजा घालून वाफ्यात उतरले. रोपांची मूठ डाव्या हातात धरायची असते, लावायची उजव्याने. म्हणजे तारा दाबणारी बोटं कोरडी. हौसाबाई हसून हसून वाफ्यातच बसायची बाकी राहिली. "बाई, एकाच हाताचं लगीन हाय व्हय?" दुसरी म्हणाली, "न्हाई गं, त्यांच्या मॅडमची भीती हाय लई." खरं होतं ते, म्हणून जास्त लागलं. शनिवारी मॅडमने कोरडी बोटं बघितली. पुढचा धडा काढला.

असं करत सहाव्या वर्षी मी शेवटच्या धड्याशी पोचले. अंगठ्याने खालचा ठेका आणि बाकीच्या बोटांनी वरचं गाणं, दोन्ही एकदम, एका गिटारीवर दोन माणसं बसल्यासारखं. हा तुकडा तिने स्वतः बसवलेला होता आणि तिच्या एकाही विद्यार्थ्याला तो तीनदा साधला नव्हता. हा झाला की सगळं झालं. मी वर्षभर त्याला धडका देत होते. अकरा महिन्यांत चाळीसेक वेळा नापास.

अशात तिने सांगितलं, बंगळुरूला नोकरी लागली, रविवारी निघते. मी म्हणाले, "बरं झालं. खोलीला रंग काढायचाच होता." आणि रात्रंदिवस नाही, पण हाताला लागेल तेवढा वेळ तो तुकडा घोटला.

रविवारी सकाळी सामान टेम्पोत चढलं. रिकाम्या खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या उरल्या होत्या, त्या आमच्याच. मी गिटार घेऊन गेले. तिने खुर्ची खिडकीकडे फिरवली. पहिल्यांदा साफ वाजला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा शेवटच्या ओळीत माझं चौथं बोट शेजारच्या तारेला घासलं. कपाळावर माशी बसावी एवढीच चूक. पण झाली.

वेणी हलली. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. परीक्षेच्या वेळी, सहा वर्षांत पहिल्यांदा.

"पास," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्ही वळून का बघितलंत?"

"आजी, टेम्पो उभा आहे."

"उभा राहू दे. चूक ऐकलीत की नाही?"

"एवढीशी होती ना बाप्पा."

"चाळीस वेळा एवढीशीच होती! तेव्हा का नाही पास केलंत? जाताना मला 'वा, छान' सांगून जाता? कोणाकडून शिकलात हे?"

तिचा चेहरा असा झाला की वाटलं, आता रडते का काय. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. तिने खिडकीतून ओरडून त्याला थांबायला सांगितलं, खुर्ची परत फिरवली आणि बसली. "वाजवा. पहिल्यापासून."

मी वाजवला. पहिल्यांदा साफ. दुसऱ्यांदा रागाच्या भरात घाई केली. अर्ध्यात ठेका सुटला तो सुटलाच. तरी रेटत शेवटापर्यंत गेले. चुकलं म्हणून थांबायला तिने मला शिकवलं नव्हतं. तिसऱ्यांदाही वाजवला.

या वेळी वेणी हलली नाही. मग खिडकीकडे बघतच ती खणखणीत आवाजात म्हणाली, "नापास."

तिने नाक ओढलं, पर्स उचलली आणि माझ्याकडे न बघता टेम्पोत जाऊन बसली. गाडी घोटावड्याच्या दिशेने वळेपर्यंत मी दारात उभी होते.

सुनंदा हात पुसत आली. "काय म्हणाल्या हो मॅडम?"

"नापास केलं."

"जाता जाता तरी! काय बाई आहे ही, काळीज म्हणून काही–"

"सुनंदा," मी म्हणाले, "माझ्या मॅडमविषयी एक शब्द बोलायचा नाही." आणि मॅडमची खिडकीकडे फिरवलेली खुर्ची तशीच ठेवली, गिटार मांडीवर घेतली आणि शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली.