तडकलेली काच आणि टीव्हीवरचं विमान

ती घटना आठवली की अजून डोकं तापतं. सातवी शिकून मी पोलिसात लागले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. एवढा राग नोकरीत दुसऱ्यांदा आला नाही.

कोल्हापूरला उतरलेल्या विमानाची पुढची काच तडकली होती. माणसं सुखरूप होती. तरी दुपारी एका वाहिनीने ‘विमानावर गोळीबार?’ अशी पट्टी लावली. पाठोपाठ ठाण्यात फोन आला: धावपट्टीजवळच्या एका मुसलमान शेतकऱ्याने विमानावर बार उडवला, काच फुटताना मी डोळ्यांनी पाहिली. फोन करणारा त्याच्याच शेजारच्या शेताचा मालक.

शेतकऱ्याला आणलं. शाळवाच्या कणसांवरची पाखरं उठवायला फटाके लावतो, एवढंच तो सांगत होता. तोवर वाहिनीवर त्याचं घर दाखवून झालं होतं. गावच्या डेअरीने संध्याकाळचं दूध परत पाठवलं. अटक करा म्हणून साहेबांना वरून फोनवर फोन.

मी म्हटलं, आधी पाहणाऱ्याचा जबाब घेऊ. शेजाऱ्याला चहा दिला, बोलू दिलं. घाबरलेल्यापेक्षा खुशीत आलेला माणूस जास्त सांगतो. विमान कसं होतं, विचारलं.

“लई मोठं. पंखाखाली इंजिनाची ही एवढाली पिंपं.”

“गरगर फिरणारी पाती?”

“न्हाय वो. तसलं न्हवतं.”

उतरलं होतं ते पात्यांचं लहान विमान. पिंपांच्या विमानाचं दृश्य वाहिनीने कुठून तरी आणून बातमीला चिकटवलं होतं.

“पावणं, शेतात हुता का टीव्हीम्होरं?”

तो खाली बघत म्हणाला, “बार तेवढा ऐकला. बाकीचं दाखवत हुते की.”

रात्री विमानतळावरून लेखी आलं. काच गरम ठेवणाऱ्या तारेत बिघाड होऊन ती उंचावरच, उतरण्याच्या बऱ्याच आधी तडकली होती. बाहेरून काही लागल्याची खूण नव्हती. वैमानिकाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

शेतकऱ्याला सोडलं. दारात तो म्हणाला, “बाई, सुटलो हेबी दाखवा म्हणावं. सकाळी डेअरीत जायचं हाय.”

मी त्या वाहिनीच्या वार्ताहराला गाठलं. तो म्हणाला, आता त्यात बातमी नाही, मॅडम. मी त्याला जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

खोट्या खबरीबद्दल शेजाऱ्यावर कारवाई झाली. ती खबर त्याच्या डोक्यात घालणाऱ्यांना कुणी हात लावला नाही. तेव्हापासून साक्षीदाराने काय पाहिलं हे विचारण्याआधी कुठं पाहिलं हे मी विचारत आले.

सुटकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्या शेतकऱ्याबरोबर डेअरीत गेले. डेअरीने त्याचं दूध घेतलं. वर्दीकडे बघून घेतलं, हे मलाही कळलं आणि त्यालाही.